जळणं, भाजणं आणि जाळणं

परवा संध्याकाळी आमची धाकटी व्याकरणाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. नववीत आहे. मी एकीकडे डाळ ठेवली होती, दुसरीकडे भाकरी टाकत होते.

"आई, जळणे आणि जाळणे यात फरक काय गं?"

"जळणं आपलं आपण होतं. जाळायला कोणीतरी लागतं," मी तव्यावरची नजर न काढता म्हटलं.

"म्हणजे जळणे अकर्मक, जाळणे सकर्मक." तिनं वहीत उतरवून घेतलं. "आणि भाजणे?"

"आईनं भाकरी भाजली. आईचा हात भाजला."

"अगं, हे तर दोन्हीकडून चालतं! बाई म्हणाल्या होत्या, अशाला उभयविध क्रियापद म्हणतात. उघडणे, मोडणे असं."

मीही बी.ए.ला मराठी घेतलं होतं. उभयविध क्रियापद माझ्याही परीक्षेत आलं होतं. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पण त्या संध्याकाळी तो शब्द ऐकून मी जागच्या जागी थांबले ती थांबलेच. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली, "काय जयते वं तुह्याकडे?" डाळ बुडाला लागली होती!

डाळीचं काय, वरची वरची दुसऱ्या भांड्यात काढून घेतली. पण जेवणं आटोपून, ओटा आवरून झोपायला गेले तरी ते 'भाजणे' डोक्यातून जाईना. का, ते पुढं सांगते. आधी थोडं घरातल्या आगीबद्दल बोलू या.

मैत्रिणींनो, तुम्ही कधी मोजून पाहिलंय का, आपल्या बायकांच्या तोंडी जळण्याचे किती शब्द आहेत ते? भाकरी भाजायची, पण ती करपू द्यायची नाही. शेंगदाणे खरपूस हवेत, पण लागलेले नकोत. दुधानं जीभ पोळते, तव्याचा चटका बसतो, ऊन होरपळतं आणि वाफेनं हात शिजल्यासारखा होतो. शेजारणीच्या नव्या फ्रीजकडं बघून कोणी जळतं, सूनबाईचं कौतुक ऐकून कोणाचा तिळपापड होतो. भांडण झालं की 'जळलं मेलं ते लक्षण' म्हणायचं, भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी झाली म्हणायचं. दिवा मात्र कधी 'विझला' म्हणायचं नाही, तो 'शांत झाला' म्हणायचं. माझी आजी तर आम्हा पोरींना त्यावरून धपाटा घालायची. आगीशी रोजचा संबंध, म्हणून शब्द इतके तोलूनमापून.

त्यात आम्ही खान्देशातल्या. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर गेला की बाकीच्या महाराष्ट्रात बातमी होते, भुसावळात आम्ही फक्त पडदे ओले करतो. आमच्या केळीवर रोग पडतो त्याचं नावही 'करपा'. आणि हिवाळ्यात आमचा जो सण असतो तो म्हणजे वांग्याचं भरीत. बामणोदची हिरवी, भलीमोठी वांगी, शेतात पेटवलेल्या कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्या आणि त्या धगीत वांग्याचं साल काळं होईपर्यंत भाजणं. पुण्याची नणंद गॅसवर वांगं भाजते आणि 'भरीत केलं' म्हणते, तेव्हा आम्ही गप्प बसतो. आगीचीही एक चव असते, हे खान्देशातल्या पोरीला सांगावं लागत नाही.

आगीनं आमचं गावही घडवलं. माझे आजोबा रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनात फावड्यानं कोळसा टाकायचं काम. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, आम्ही नातवंडं ते चांदण्या म्हणून मोजायचो. इंजिनातून बाहेर टाकलेला अर्धवट जळालेला कोळसा वस्तीतल्या बायका वेचून आणायच्या, तो शेगडीत पुन्हा पेटायचा. पुढं घरात रॉकेलचा स्टोव्ह आला. आईची पिढी पंप मारण्यात आणि पिन करण्यात गेली. मग गॅस आला. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून खेड्यातल्या घरांतही सिलिंडर पोचला. चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस. तीन पिढ्यांत आग चार वेळा बदलली. पण ती सांभाळायची कशी, हे शिकवायला कोणीही आलं नाही. आईनं सासूचं बघून शिकायचं, मी आईचं बघून. आणि बघून शिकताना चुकाही तशाच्या तशा पुढं जातात.

आता कापडाचंच घ्या. जुन्या बायका कापड दुकानात एक धागा उपसायच्या आणि त्याला काडी लावून बघायच्या. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी मऊ राख पडते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर आणि नायलॉन मात्र आधी वितळतं, त्याचा थेंब होतो आणि गार झाल्यावर कडक मणी बनतो. दुकानदारानं फसवू नये म्हणून ही परीक्षा. पण तिचा दुसरा अर्थ आपण लक्षात घेतला नाही. जो थेंब धाग्याच्या टोकाशी तयार होतो, तोच अंगावरच्या साडीला आग लागली की कातडीवर तयार होतो आणि चिकटून बसतो. सुती कापड भरकन पेटतं हे खरं, पण ते चिकटत नाही. म्हणून साडी असो की गाऊन, ओट्यापाशी सुती, अंगाबरोबर असावं. पदर खोचलेला, ओढणी बाजूला काढून ठेवलेली. धुवायला सोपं, इस्त्री नको, म्हणून आपण नायलॉनचा गाऊन घालून फोडण्या देतो. सोय आहे खरी, पण त्या सोयीची किंमत माहीत असावी.

तेलाचंही तसंच. कढईतलं तेल पेटलं की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडं जातो. तो आवरायचा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, तापलेल्या तेलात त्याची एका क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. मग ती पेटतं तेल घेऊनच वर उसळते. गॅस बंद करायचा आणि कढईवर झाकण, ताट, परात जे हाताशी असेल ते सरकवायचं. वारा मिळाला नाही की आग मरते. आणि कढई उचलून मोरीकडं पळायचं नाही.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून कोपऱ्यातली खालची फट उघडी असणं महत्त्वाचं. त्याला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळलेलं असतं. तो वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि दिव्याच्या बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण बटणातली बारीकशी ठिणगी पुरते. मग बाहेर जाऊन १९०६ या नंबरवर फोन. हा नंबर तुमच्या घरात कुठं लिहिलेला आहे? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, तेव्हा एकीलाही सांगता आला नाही.

सिलिंडर महाग वाटला की खेड्यात चूल पुन्हा पेटते, हेही आपण पाहतो. आणि चूल पटकन पेटावी म्हणून खाली काय घालतात? कॅरीबॅग, दुधाची पिशवी, तुटकी चप्पल. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, पण चुलीतलं प्लास्टिक कोण तपासणार? पीव्हीसीची पाइप, वायरीचं वरचं आवरण, रेक्झिन असलं काही जळालं की त्यातून घशाला जाळणारा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषंही. फोमची गादी पेटली तर तिच्या धुरात सायनाइड असतं. अशा घरात माणूस ज्वाळेपर्यंत पोचायच्या आधी धुरानंच जातो. आपण मात्र 'नुसता धूर होता' म्हणतो. जणू धूर म्हणजे आगीची सावली! धूर दिसला तर खाली वाकून, ओला रुमाल नाकाशी धरून बाहेर पडायचं, हे पोरांना पाढ्यांसारखं पाठ हवं.

आणि नुसती भीती काय करते ते तर आपल्या जिल्ह्यानं पाहिलं. २२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईकडं निघालेली पुष्पक एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव मागं टाकून पाचोऱ्याच्या अलीकडं आली होती. माहेजी ते परधाडे या टप्प्यात डब्यात कोणीतरी आग लागल्याचं ओरडलं. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, लोकांनी शेजारच्या रुळावर उड्या टाकल्या आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. रेल्वेनं सांगितलं की आग नव्हतीच. आमच्या या रेल्वेच्या गावात त्या रात्री घराघरात एकच विषय होता. जाळायला नेहमी आग लागतेच असं नाही, आगीचा शब्दही पुरतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिकडं येते.

२००७ सालचा मे महिना. महिला मंडळाच्या कामाला लागून मला दोनच वर्षं झाली होती. एका रुग्णालयात जळीत वॉर्डात आमच्यातली कोणीतरी जाऊन बसायची. पाणी द्यायचं, नातेवाइकांना धीर द्यायचा, औषधं आणून द्यायची. त्या दिवशी माझी पाळी होती. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, जवळच्याच खेड्यातली. नाव इथं सांगत नाही. निम्म्याहून जास्त भाजलेली. पायाशी सासू बसली होती, दाराशी नवरा. दीड वर्षाचं पोर कोणाच्या तरी कडेवर रडत होतं.

सासू पाणी आणायला गेली तेव्हा त्या मुलीनं माझ्याकडं बघून हळू आवाजात सांगितलं, "ताई, घरात आठ दिवसापासून रॉकेलच नव्हतं."

एवढंच. पुढं काही नाही. तेवढ्यात सासू परत आली.

तासाभरानं जबाब घ्यायला माणूस आला. सासू, नवरा सगळे खाटेभोवती उभे. त्यांनी विचारलं, "कसं झालं?" सासू म्हणाली, "स्टोव्हचा भडका उडाला ना साहेब." त्यांनी मुलीकडं बघितलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बाई, जास्त बोलू नको, त्रास होईल."

मनात काय होतं ते आजही लख्ख आठवतं. ही वाचली तर हिला याच घरात जायचंय. नाही वाचली तर त्या लेकराला बापच आहे. मी कोण बाहेरची, कशाला त्यात पडू? मला ते शहाणपण वाटलं होतं. कागदावर लिहिलं गेलं, 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून भाजली.' तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिला कोणी जाळलं, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. तिनं स्वतः काही केलं का, तेही माहीत नाही. पण कळण्याची जी एक वेळ होती, ती तिच्याभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनी मिळून घालवली, आणि त्या सगळ्यांत मी होते. ज्या घरात आठ दिवस रॉकेल नव्हतं त्या घरातल्या स्टोव्हचा भडका कसा उडाला, हा साधा प्रश्न विचारायला बी.ए. व्हायला लागत नाही.

आणि तो शब्द बघा. 'भाजली.' पेटली म्हणा, जळाली म्हणा, भाजली म्हणा, यात कर्ता कुठंच नाही. 'जाळली' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? 'पेटवून घेतलं' म्हटलं की प्रश्न येतो, का? 'भाजली' म्हटलं की कोणताच प्रश्न येत नाही. भाकरी भाजली तसं बाई भाजली. दोन्हीकडून चालणारं ते क्रियापद किती घरांना सोयीचं पडलं असेल!

हे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. २००१ या एका वर्षात देशात आगीमुळं सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले, त्यात १ लाख ६ हजार स्त्रिया, आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या, असा अंदाज त्यात मांडला होता. पोलिसांच्या नोंदीतल्या आकड्याच्या हा सहापट होता. आग जर फक्त अपघातानं लागत असेल, तर ती वय आणि लिंग बघून का लागते? स्वयंपाक काय फक्त तरुण सुनाच करतात? स्टोव्ह नेहमी सुनेच्याच हातात का फुटतो, सासूच्या का नाही, असं ऐंशीच्या दशकात मोर्चात विचारणाऱ्या बायकांना तेव्हा लोक भांडखोर म्हणायचे. त्यांचा प्रश्न व्याकरणाचाच होता. त्या कर्ता विचारत होत्या.

स्टोव्ह भडकतच नाहीत असं मुळीच नाही. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं, जास्त पंप मारला, रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असली, की तो भडकतो. भेसळीच्या धंद्यामागं केवढी माणसं उभी असतात तेही आपण पाहिलं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी दिवसाढवळ्या जाळलं. तिथं मात्र प्रत्येक वर्तमानपत्रानं 'जाळलं' हेच लिहिलं. 'भाजले' असं कोणी लिहिलं नाही. घराबाहेर जळालेल्या माणसाला कर्ता मिळतो. घरात जळालेल्या बाईला का मिळू नये?

कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९८३ साली ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हुंडाबळीचं कलम ८० आहे, सासरच्या क्रूरतेची ८५ आणि ८६. हुंडाबळीच्या व्याख्येत लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला होता, असं दाखवता आलं, तर सासरच्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि मृत्यूच्या कारणांत त्या कायद्यानं पहिला शब्द कोणता घातलाय? भाजणं. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

मृत्युपूर्व जबाबाचंही तसंच. मरणाऱ्या माणसानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल सांगितलेलं कोर्टात पुरावा म्हणून चालतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ३२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २६ आहे. म्हणजे दीडशे वर्षांपासून कायदा खाटेवरच्या त्या बाईचं ऐकायला तयार आहे. तिच्याभोवती उभे असलेलेच तिला बोलू देत नाहीत. जबाब घेताना नातेवाइकांना बाहेर पाठवा, एवढं म्हणायला कोणी वकील लागत नाही. ते मी म्हणू शकत होते.

इथं मला आमच्या बहिणाबाईंबद्दलही एक बोलायचंय. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी म्हणजे आमच्या खान्देशचं दैवत. संसाराची तुलना त्यांनी तापलेल्या तव्याशी केली, ते गाणं लग्नाच्या प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. पण आपण त्याचा सोयीचा अर्थ लावला. सासरी त्रास झाला म्हणून माहेरी आलेल्या मुलीला आई, मावशी, आत्या तेच ऐकवतात आणि सातव्या दिवशी पुन्हा एसटीत बसवतात. तरुणपणीच वैधव्य येऊन, शेतात राबून पोरं वाढवणाऱ्या त्या बाईनं कष्टाच्या चटक्यांबद्दल सांगितलं होतं. भाकरीसाठी हाताला बसणारा चटका वेगळा आणि माणसानं माणसाला दिलेला चटका वेगळा. पहिला सोसायचा असतो. दुसरा सांगायचा असतो. मुलींना हा फरक आपण कधी शिकवणार?

रॉकेल आता रेशनवर पूर्वीसारखं दिसत नाही. स्टोव्ह माळ्यावर गेले. म्हणून प्रश्न संपला असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आलं, आठवड्याभरानं ती गेली. आगीला निमित्त नवं मिळतं एवढंच.

मग आपण करायचं काय? मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, पहिल्या वीस मिनिटांची. अंगावर आग असेल तर पळायचं नाही, पळालं की वारा मिळतो. जमिनीवर लोळायचं, दुसऱ्यानं जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळायची. आग विझली की भाजलेल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, शेण यातलं काहीही नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. सुजायच्या आधी बांगड्या, अंगठी, जोडवी काढायची. भाजलेलं अंग जास्त असेल तर फार वेळ गार पाण्यात ठेवून तिला गारठवायचं नाही, स्वच्छ सुती चादरीत गुंडाळायचं आणि १०८ ला फोन करायचा. हे आमच्या गटात आम्ही हळदीकुंकवाला सांगायला सुरुवात केली आहे. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्यापेक्षा बरं!

दुसरी, आधीच्या दिवसांची. भडका एका दिवसात उडत नाही. शेजारच्या घरातून रोज येणारा आवाज, माहेरी फोन करू न देणं, 'मला जगायचं नाही' असं पोरीचं बोलणं, हा सगळा धूर आहे. त्याला 'नुसता धूर' म्हणू नका. छळ होत असेल तर १८१ वर, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करता येतो, आणि तिला करायचा धीर नसेल तर शेजारणीनं तिच्याजवळ बसून करून द्यावा. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००६ पासून लागू आहे, तो मार खाल्ल्यावरच नाही, मार टाळण्यासाठीही आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात अवघड गेलेली. कोणी 'भाजली' म्हटलं की विचारायचं, कशी? कोण होतं घरात? किती वाजता? वाईट दिसेल, लोक म्हणतील हिला काय करायचंय. म्हणू देत. अपघात असेल तर उत्तर सरळ मिळेल आणि पुढचा अपघात टळेल. आणि अपघात नसेल तर निदान एक माणूस असं असेल ज्यानं विचारलं.

ते दीड वर्षाचं पोर आता वीस वर्षांचं झालं असेल. त्याला आईबद्दल काय सांगितलं गेलं, मला माहीत नाही. 'भाजली' एवढंच सांगितलं असणार.

धाकटीच्या वहीत दुसऱ्या दिवशी डोकावून पाहिलं. उभयविध क्रियापदाखाली तिनं माझीच दोन वाक्यं लिहिली होती. आईनं भाकरी भाजली. आईचा हात भाजला. खाली बाईंची लाल शाईची बरोबरची खूण होती. मी तिला जवळ बसवलं आणि त्या मुलीची गोष्ट सांगितली, नाव न घेता, माझी चूक न लपवता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मग तू तेव्हा विचारायला हवं होतंस ना, कर्ता कोण?"

हो बाई. विचारायला हवं होतं.